सैनिकाच्या औषधाची लांबची वाट

भूदलातून हवालदार म्हणून निवृत्त होणाऱ्या जवानाकडून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेसाठी ३० हजार रुपये एकरकमी घेतले जातात. डिसेंबर २०१७ पासून हा दर लागू आहे. निवृत्तीनंतर तो मुंबईत स्थायिक झाला काय किंवा रोहे तालुक्यात चणेऱ्याकडच्या आपल्या गावी परतला काय, रक्कम तीच. ती द्यावी की न द्यावी, हे ठरविण्याची मुभाही त्याला नाही. १ एप्रिल २००३ नंतर निवृत्त होणाऱ्या प्रत्येक निवृत्तिवेतनधारकास या योजनेचे सभासदत्व अनिवार्य आहे. येथवर सारे समान आहे. विषमता सुरू होते ती पुढे, त्याच पैशाच्या मोबदल्यात मिळणाऱ्या सेवेत. मुंबईतला माजी सैनिक सकाळी घरून निघून दुपारच्या जेवणाला औषधे घेऊन परत येतो. चणेऱ्याच्या माजी सैनिकाचा त्याच औषधांसाठी अख्खा दिवस जातो, आणि पावसाळा असेल तर तो दिवसही पुरेल याची खात्री नसते.

देशासाठी दोघांनी सारखीच थंडी सोसली, सारख्याच रात्री जागून काढल्या. मग म्हातारपणी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असे का व्हावे? हा प्रश्न लहान वाटतो. पण कृतज्ञ म्हणविणाऱ्या समाजाची पारख अशाच लहान प्रश्नांवर होत असते.

योजनेचे मोठेपण

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ही योजना वाईट आहे, असे कोणीही म्हणणार नाही. उलट, स्वतंत्र भारताने आपल्या सैनिकांसाठी उचललेल्या अत्यंत मोलाच्या पावलांत तिची गणना करावी लागेल. तत्पूर्वी निवृत्त सैनिकाला लष्करी रुग्णालयाचा आधार असे, पण तो जागा आणि औषधे उपलब्ध असतील तर! सेवेतील जवानांचा अधिकार पहिला, उरलेसुरले निवृत्तांना, अशी स्थिती होती. ज्याच्या जिल्ह्यात लष्करी रुग्णालयच नाही, त्याच्या वाट्याला उरलेसुरलेही येत नसे. कारगिलच्या युद्धानंतर सैनिकांच्या प्रश्नांकडे देशाचे लक्ष नव्याने वेधले गेले होते. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना ३० डिसेंबर २००२ रोजी या योजनेला शासकीय मंजुरी मिळाली आणि १ एप्रिल २००३ पासून ती अमलात आली.

कल्पना साधी आणि सुटसुटीत होती. ठिकठिकाणी योजनेचे स्वतःचे दवाखाने, म्हणजे पॉलिक्लिनिक, उघडावयाचे. तेथे डॉक्टर, दंतवैद्य, तपासणी आणि औषधे यांची सोय करावयाची. आणि मोठा आजार असेल तर तेथून चिठ्ठी देऊन लष्करी अथवा योजनेच्या यादीवरील खासगी रुग्णालयात रोख पैसे न भरता उपचार मिळवून द्यावयाचे. प्रारंभी असे २२७ दवाखाने मंजूर झाले. पुढे त्यांची संख्या चारशेच्या वर गेली. सैनिक, त्याची पत्नी, अवलंबून असलेली मुले आणि आईवडील मिळून आज पन्नास लाखांहून अधिक लोक या छत्राखाली आहेत. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात वीरगती पावलेल्यांच्या पत्नींना अंशदानातून सूट देण्यात आली. खासगी विम्यात वय वाढले की हप्ता वाढतो आणि जुना आजार निघाला की दावा नाकारला जातो. येथे तसे काही नाही. एकदा रक्कम भरली की आयुष्यभराची हमी. हे मोठेपण मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारावयाचा आहे.

दोन टोकांच्या मध्ये

दवाखाने कोठे असावेत, हे त्या भागातील माजी सैनिकांच्या संख्येवर ठरते. जेथे संख्या मोठी, तेथे मोठा दवाखाना. कमी, तेथे लहान. आणि त्याहून कमी असेल तर शेजारच्या गावी जा. कागदावर हे तर्कशुद्ध आहे. परंतु या तर्काच्या चाळणीतून पेण आणि रोहे यांसारखे तालुके खाली गळतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या एका टोकाला पनवेल आणि दुसऱ्या टोकाला महाड. मध्ये पडलेल्या माणसाने यांपैकी एक टोक गाठावे, अशी अपेक्षा आहे.

पेणहून पनवेल रेल्वेने पस्तीस किलोमीटरच्या आसपास, रोह्याहून पंचाहत्तरच्या आसपास. मुंबईकराला हे आकडे फार वाटणार नाहीत. पण तालुक्याचे ठिकाण म्हणजे तालुका नव्हे. घोसाळ्याच्या माणसाला आधी एस.टी.ने रोह्याला यावे लागते. तेथून गाडीने पनवेल. पनवेल स्थानकावरून रिक्षा. दिवा-रोहे मार्गावर गाड्या मोजक्याच. सकाळची एक गाडी चुकली की दवाखान्याची वेळ चुकते, आणि परतीची चुकली की पनवेलला नातेवाइकाचे घर शोधावे लागते. महाडचा मार्ग निवडावा तर तेथे रेल्वे नाही. जवळचे स्थानक वीर, आणि पुढे पुन्हा रस्ता. तो रस्ता म्हणजे आपला सुप्रसिद्ध महामार्ग! त्याच्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर दशकभराहून अधिक काळ पेण, वडखळ, नागोठणे, कोलाडच्या लोकांनी त्या कामाची धूळ आणि चिखल खाल्ला. गुडघे झिजलेल्या सत्तरीच्या माणसाने दर महिन्याला असा प्रवास करावयाचा, तोही मधुमेहाच्या गोळ्यांसाठी.

पावसाळ्यात सारेच गणित कोलमडते. जुलै २००५ आणि जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाडची काय दशा केली, ती साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. ज्या गावावर आपले औषध अवलंबून, ते गावच पाण्यात गेल्यावर दक्षिण रायगडातील वृद्ध पेन्शनरने कोठे पाहावे?

जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला आणि रायगड मुंबईच्या जवळ आला, असे आपण सारे अभिमानाने म्हणालो. अभिमान रास्तच आहे. पण तो सेतू ज्याच्या दारात मोटार आहे, त्याच्यासाठी जवळ आला. पेन्शनवर घर चालविणाऱ्या निवृत्त नाईकाला नौदलाचे कुलाब्याचे अश्विनी रुग्णालय तेवढेच दूर आहे. गंमत अशी, की आपल्या या जिल्ह्याचे १९८१ पर्यंतचे नावही कुलाबाच होते. नावाने एक असलेल्या या दोन कुलाब्यांतले अंतर सैनिकाच्या पायाला मात्र अजून जाणवते.

सर्वांत अवघड अवस्था आहे ती सैनिकांच्या विधवांची. नवरा होता तोवर कार्ड, कागद, तारखा तोच पाहत असे. आता मुलगा नोकरीनिमित्त मुंबई-ठाण्याला, घरी सून आणि नातवंडे. कोणी सोबत मिळाले तर दवाखाना, नाहीतर गावातल्या औषधाच्या दुकानातून पदरच्या पैशाने चार गोळ्या. अशी माउली योजनेच्या कागदोपत्री ‘लाभार्थी’ असते. प्रत्यक्षात तिचा लाभ कार्डापुरता उरतो.

सैनिकांची भूमी

कोकण म्हणजे चाकरमान्यांचा प्रदेश, हे समीकरण आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, ही सैनिकांचीही भूमी आहे, याचे विस्मरण होते. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारावर याच किनाऱ्यावरची माणसे होती. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सर्वांत जुन्या पलटणीचा इतिहास १७६८ पर्यंत मागे जातो, आणि तेव्हापासून कोकणाने त्या रेजिमेंटला माणसे पुरविली. महाड तालुक्यातील आंबवडे या गावाला तर लोक ‘फौजी आंबवडे’ म्हणूनच ओळखतात. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाले आणि महार समाजाची सैन्यभरती बंद करणाऱ्या इंग्रज सरकारशी त्यांनी लेखणीने झुंज दिली. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंटची स्थापना झाली. या भूमीवर लष्करी पेशा हा केवळ पोटाचा उद्योग नव्हता. स्वाभिमानाचा आणि सामाजिक प्रतिष्ठेचा तो राजमार्ग होता. त्या मार्गाने गेलेल्यांत मराठा होते, महार होते, आगरी-कोळी होते; जातिभेद विसरून एका ध्वजाखाली उभे राहण्याचा वस्तुपाठ त्यांनी आपल्याला दिला.

पेण आणि रोह्याची माणसे या परंपरेतलीच. फरक इतकाच की ती एका गावात एकवटलेली नाहीत; या वाडीत दोन, त्या पाड्यावर एक अशी विखुरलेली आहेत. विखुरलेल्यांची संख्या आकड्यात कमी दिसते, आणि कमी आकड्याचा आवाज दिल्लीपर्यंत पोहोचत नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

यावर पहिला आक्षेप पैशाचा घेतला जातो. प्रत्येक तालुक्याला पॉलिक्लिनिक उघडले तर खर्च कोठून आणणार? आक्षेप रास्त आहे. योजनेवर आधीच ताण आहे. खासगी रुग्णालयांची बिले थकतात, थकली की रुग्णालये रोकडरहित उपचारांना नकार देऊ लागतात, हा अनुभव देशभर वेळोवेळी आलेला आहे. महालेखापरीक्षकांनी २०१५ मध्ये या योजनेची तपासणी करून औषधांचा तुटवडा आणि बिलांच्या व्यवहारातील त्रुटी यांवर बोट ठेवले होते. तेव्हा पेण आणि रोहे येथे नव्या इमारती बांधा, अशी मागणी आम्ही करणार नाही. मागणी सेवेची आहे, इमारतीची नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, आता अन्य योजना आहेतच. आयुष्मान भारत योजना ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना खुली झाली. मग माजी सैनिकांनी तिचा लाभ घ्यावा. येथे आमच्या वडीलधाऱ्या सैनिकांनी सावध राहणे आवश्यक आहे. ही योजना आणि माजी सैनिकांची योजना, या दोहोंपैकी एकच निवडावी लागते. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मिळतात. पण बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधे तिच्या कक्षेत येत नाहीत. सैनिकांच्या योजनेचे बळ नेमके तेथेच आहे. दवाखाना दूर आहे म्हणून कंटाळून कोणी आयुष्यभराची हमी सोडून दिली, तर ते नुकसान त्याचे असेल. पण त्याचा दोष ज्यांनी दवाखाना दूर ठेवला, त्यांच्याकडे जाईल.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. मे २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ‘सेहत’ नावाची दूरवैद्यक सेवा सुरू केली. घरबसल्या डॉक्टरांशी बोला, असे सांगितले जाते. सोय उत्तम आहे. परंतु डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, तोफांच्या आवाजाने कानांनी अधू झालेला निवृत्त तोफची डोंगरातल्या वाडीत बसून भ्रमणध्वनीवर डॉक्टर कसा गाठणार? आणि गाठला तरी लिहून दिलेले औषध त्याच्या हाती कोण देणार? यंत्र हे माणसाला जोड म्हणून असावे. माणसाला पर्याय म्हणून नव्हे.

परदेशातील एक धडा

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयांचे प्रचंड जाळे आहे. सुमारे १७० मोठी वैद्यकीय केंद्रे आणि अकराशेहून अधिक बाह्यरुग्ण केंद्रे. पैसा अमाप. तरीही २०१४ मध्ये फिनिक्स शहरातील रुग्णालयात सैनिकांना महिनोन्‌महिने तिष्ठत ठेवून प्रतीक्षायाद्या दडविल्याचे उघडकीस आले आणि त्या खात्याच्या मंत्र्यांना, एरिक शिन्सेकी या निवृत्त सेनानींना, पद सोडावे लागले. त्यातून अमेरिकेने एक धडा घेतला. २०१८ मध्ये कायदा झाला आणि २०१९ पासून एक मापदंड लागू झाला : प्राथमिक उपचारांसाठी सैनिकाला मोटारीने सरासरी तीस मिनिटांहून अधिक अथवा तज्ज्ञांसाठी साठ मिनिटांहून अधिक प्रवास करावा लागत असेल, तर त्याने घराजवळच्या खासगी डॉक्टरांकडे जावे आणि खर्च सरकारने सोसावा.

अमेरिकेचे सारे अनुकरणीय आहे, असे मुळीच नाही. आपली परिस्थिती वेगळी, साधने वेगळी. पण त्या मापदंडातील विचार घेण्यासारखा आहे. तेथे ‘या भागात सैनिक किती?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘या सैनिकाला पोहोचायला वेळ किती?’ हाही प्रश्न विचारला गेला. पहिल्या प्रश्नात रोहेकर हरवतो. दुसऱ्यात तो सापडतो.

काय करता येईल?

पेण आणि रोहे या दोन्ही ठिकाणी राज्य शासनाची उपजिल्हा रुग्णालये आहेत. तेथील एक खोली आठवड्यातून एक दिवस योजनेच्या डॉक्टरांसाठी मिळाली, तर पनवेल किंवा महाडचे पथक औषधांची पेटी घेऊन तेथे येऊ शकेल. ठरलेला वार, ठरलेली वेळ. फिरत्या दवाखान्याची कल्पना या योजनेला नवी नाही. दुर्गम भागांसाठी ती मान्य झालेलीच आहे. शंभर वृद्धांनी पनवेलला जाण्यापेक्षा चार जणांच्या पथकाने रोह्याला येणे स्वस्त, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

औषधांची सोय त्याहूनही सोपी. दवाखान्यात औषध नसेल तर योजनेने नेमलेल्या दुकानातून ते घेण्याची तरतूद आहे. असे एकेक दुकान पेण आणि रोहे येथे नेमता येईल. जुनाट आजारांची ठरलेली औषधे टपालाने पाठविण्यासही हरकत नसावी. पोस्टमन प्रत्येक वाडीवर जातोच.

तसेच या दोन्ही गावांतील किमान एकेक चांगले खासगी रुग्णालय योजनेच्या यादीवर यावे. रात्री छातीत दुखू लागल्यावर पनवेलचा रस्ता धरणे म्हणजे दैवाशी जुगार. आणीबाणीत कोणत्याही रुग्णालयात दाखल होता येते, हे खरे. पण योजनेबाहेरच्या रुग्णालयात आधी पैसे भरावे लागतात, परतावा मागाहून आणि ठरलेल्या दरानेच मिळतो. आणि रुग्णालये यादीवर यावीत, टिकावीत असे वाटत असेल, तर त्यांची बिले वेळेवर चुकती केली पाहिजेत. ही जबाबदारी दिल्लीची आहे.

आणखी एक गोष्ट आजच बोलून ठेवली पाहिजे. २०२२ पासून भरती होणाऱ्या अग्निवीरांपैकी चार वर्षांनी जे घरी परततील, त्यांना निवृत्तिवेतन नाही आणि या आरोग्य योजनेचे सभासदत्वही नाही. सैन्य तरुण राहावे, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण चोवीस-पंचविसाव्या वर्षी गावी परतलेल्या ज्या तरुणाला सेवाकाळातील दुखापतीचे दुखणे पुढे चाळिशीत उद्भवेल, त्याने कोणाचे दार ठोठवावे? सरकारला प्रश्न विचारणे म्हणजे सैन्याच्या निर्णयाला विरोध करणे नव्हे. ती आपुलकीची काळजी आहे.

समाजाचे ऋण

सारे काही सरकारने करावे आणि समाजाने ७ डिसेंबरला, ध्वजदिनी, कागदी ध्वज छातीला लावून मोकळे व्हावे, ही वृत्ती आपल्याला शोभणारी नाही. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो, निधीही जमतो. पण निधी देणे सोपे, वेळ देणे अवघड. पेण हे गणेशमूर्तींचे गाव. तेथून निघालेली मूर्ती देशोदेशी पोहोचते. वेळेवर, न भंगता पोहोचते. एवढी चोख व्यवस्था उभारणाऱ्या गावाला आपल्या तालुक्यातील सैनिकांची आणि वीरपत्नींची यादी करणे अशक्य आहे काय? गणेशोत्सव मंडळांनी, महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी मनावर घेतले, तर महिन्यातून एकदा एका वृद्ध पेन्शनरला दवाखान्यात नेऊन आणणारा एक तरुण प्रत्येक गावात मिळेल. कार्डाचे नूतनीकरण, दूरवैद्यक सेवेवरील नोंदणी, परताव्याचे कागद, ही कामे शिकलेल्या मुलाला अर्ध्या तासाची. अडाणी विधवेला ती डोंगराएवढी. स्थानिक डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात माजी सैनिकांना रांगेत पुढे घेतले, तरी त्या कृतीतून जो संस्कार होईल, तो शंभर भाषणांनी होणार नाही.

माजी सैनिकांच्या संघटनांनीही अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापुढे एकमुखाने, नेमका आणि आकडेवारीनिशी प्रस्ताव ठेवावा. तालुक्यात सभासद किती, त्यांपैकी सत्तरीपुढचे किती, दर महिन्याला पनवेल-महाडच्या फेऱ्या किती, औषध न आणता घरी बसलेले किती, हे लिहून दिले तर त्याकडे दुर्लक्ष करणे कोणत्याही अधिकाऱ्याला कठीण जाईल. तक्रारीचा सूर विरून जातो. हिशेब विरत नाही. लोकप्रतिनिधींनी त्या प्रस्तावाचा पाठपुरावा संसदेत करावा. मते मागताना सैनिकांच्या शौर्याचे गोडवे गाणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

सैनिकाला आदेश मिळतो तेव्हा तो अंतर विचारीत नाही. चौकी किती उंचावर, वाट किती बिकट, हे न पाहता तो निघतो. ते अंतर त्याने आपल्यासाठी कापले. आता पनवेल ते रोहे हे पंचाहत्तर किलोमीटरचे अंतर त्याच्यासाठी कापण्याची पाळी आपली आहे. आठवड्यातून एकदा एक गाडी, एक डॉक्टर आणि एक औषधाची पेटी : एवढ्याने ते कापले जाते.